रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीतली झाडं कशी वाचवायची

नौपाडा, विष्णुनगर, पाचपाखाडी, चरई. ठाण्याच्या या जुन्या भागात तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पाडल्या जाताहेत. जवळजवळ प्रत्येकीच्या मागे मोकळी जागा असायची आणि तिथे नारळ, फणस, रायवळ आंबा, कुणीतरी हौसेने लावलेला सोनचाफा. नवा टॉवर उभा राहतो तेव्हा तिथे पेव्हर ब्लॉक असतात आणि कुंड्यांत पाम. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आता आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. आमची सोसायटीही या वाटेवर आहे, म्हणून हे लिहितेय.

बिल्डर निवडायचं टेंडर निघायच्या आधी झाडं कागदावर आली पाहिजेत. डीएवर, म्हणजे बिल्डरबरोबरच्या विकास करारावर (डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट), सह्या झाल्यावर बिल्डरला झाड दाखवायला गेलात तर तो नकाशा पुढे करतो, आणि त्या नकाशात झाडाच्या जागी पाण्याची टाकी असते.

सुरुवात यादीपासून करा. शिंप्याची टेप घ्या, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा. झाडाचं नाव, घेर, फांद्यांचा पसारा, दोन्ही कंपाउंडच्या भिंतींपासूनचं अंतर आणि फोटो, एवढं प्रत्येक झाडाचं लिहा. त्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद वयाची. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष धरलं जातं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. त्यामुळे वयाचा पुरावा हाताशी असला पाहिजे. आमच्याकडे तो दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या अल्बममध्ये सापडला. त्यांच्या मुलाच्या मुंजीचा फोटो, १९७९ चा. बटू पाटावर बसलाय आणि मागे फणसाचं खोड त्याच्या खांद्यांपेक्षा रुंद, बुंध्याशी दोन फणस लटकलेले. तसले फोटो, जुन्या बंगल्याचे नकाशे, जे मिळेल ते झेरॉक्स करून यादीला जोडा.

आता नकाशा. इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण झाडाचं भवितव्य इथेच ठरतं. आपल्याकडे लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, मनोरंजनाची मोकळी जागा सोडण्याची सक्ती ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना आहे. आपल्या सोसायट्यांचे प्लॉट बहुधा त्याहून लहान, म्हणजे बाग सोडायचं बंधन बिल्डरवर नसतं. उंच इमारतीला अग्निशमनाची गाडी फिरायला ६ मीटरचा मोकळा रस्ता लागतो, तो नेमका कंपाउंडलगतच्या झाडांवरून जातो. या नियमाशी भांडण नको, तो जिवासाठी आहे. पण जमिनीखालची टाकी, ट्रान्सफॉर्मर, पार्किंगचा रॅम्प, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) यांच्या जागा बहुतेक वेळा हलवता येतात. पीएमसीच्या, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराच्या, आर्किटेक्टला तुमची यादी द्या आणि लेखी विचारा, की कोणती झाडं एका कोपऱ्यात राहू शकतील, आणि त्या कोपऱ्याखाली बेसमेंट किंवा स्लॅब नसेल असं रेखाटून द्या. आर्किटेक्ट याला मदर अर्थ म्हणतात. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, माती भरून आंबा वाढत नाही, तिथे शोभेची झुडपं येतात एवढंच.

हे रेखाटन हातात घेऊनच विशेष सर्वसाधारण सभेला जा. फिजिबिलिटी रिपोर्टवर (प्रकल्प कितपत शक्य आहे याचा पीएमसीचा अहवाल) सभासदांना लेखी सूचना देता येतात, तुमची द्या. सभेत कोणीतरी म्हणणारच, ‘‘झाडं मोठी की माणसं?’’ वाद घालू नका. टाकी हलवल्याने कोणाचाही कार्पेट एरिया कमी होत नाही, हे आकडा दाखवून सांगा. आमच्याकडे सर्वांत साशंक असलेले काका त्यावरच पटले. मग ठराव करून घ्या, यादी आणि रेखाटन टेंडरच्या अटींना जोडा आणि पुढे तेच डीएमध्येही आणा.

‘‘झाडं दुसरीकडे हलवू’’ हे आश्वासन ऐकलंत तर झाडागणिक विचार करा. नारळ हलवल्यावर बऱ्यापैकी जगतो. वड, पिंपळ, उंबरही तग धरतात. मोठा फणस किंवा जुना आंबा उपटून लावला तर वाचण्याची आशा फार कमी. जे वाचणारच नाही त्याचं कलम घ्या. रायवळ आंब्याच्या कोयी जूनमध्ये पेरा, कोंब तांबूस असतानाच जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर जुन्या झाडाची काडी बांधा. कोकणात कोय कलम बांधणारा माळी मिळतो. ते कलम त्या सलग मातीच्या कोपऱ्यात लावायला ठेवा.

तोडीसाठी अर्ज झाला की झाडावर नोटीस लागते आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते. मुदतीत महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे हरकत द्या, यादी जोडून, आणि पोच घ्या.

काम सुरू झाल्यावर राखलेल्या झाडाभोवती फांद्यांच्या टोकापर्यंत पत्र्याचं कुंपण हवं. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात, त्यामुळे तिथे खडी, डेब्रिस, सिमेंटच्या गाड्या धुतलेलं पाणी, काहीही नको. खोदाईत मूळ आडवं आलं तर ते जेसीबीने ओढू देऊ नका, करवतीने सरळ कापायला लावा. बेसमेंटच्या खड्ड्यातून पंपाने पाणी उपसतात तेव्हा भोवतालची जमीन कोरडी पडते, म्हणून मार्च ते मेमध्ये त्या झाडाला टँकरचं पाणी द्यायची अटही डीएमध्ये घाला. आणि या अटींचा भंग झाल्यास किती रक्कम कापली जाईल, तो आकडा करारातच लिहून घ्या.