दाणे टाकूनही पक्षी येत नाहीत? परसातल्या या चुका टाळा

परसात रोज मूठभर तांदूळ टाकूनही पारव्यांखेरीज कोणी फिरकत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष पाहुणचाराचा आहे. दयाळ, शिंपी आणि नाचण किडे टिपतात, शिंजीर मधावर जगतो आणि आपला राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर. यांतल्या कोणालाच तांदळाचे अप्रूप नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना अळ्याच भरवते. म्हणून दाण्यांपेक्षा कुंपणाशी उंबर किंवा पांगारा लावण्याकडे लक्ष द्यावे, आणि शेव-फरसाण तर मुळीच टाकू नये.

दुसरी चूक स्वच्छतेच्या हौसेची, आणि माझ्या मते सर्वांत महागडी. पांगाऱ्याची वाळलेली फांदी आपल्याला अडगळ वाटते. तांबटाला मात्र तेच घर असते. तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला वाटोळे भोक आणि बुंध्याशी ताजा भुसा दिसला, तर कोयता बाजूला ठेवावा, कारण तांबटाने सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळही संसार थाटतो. धनेशाला ढोली कोरता येत नाही. मादी जुन्या झाडाच्या नैसर्गिक ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळे भरवतो. त्यामुळे सह्याद्रीतल्या देवराईतला पोखरलेला बेहडा ‘निकामी’ म्हणून तोडला, की नवी झाडे कितीही लावली तरी ती जागा कित्येक दशके भरून निघत नाही. पाचोळ्याचेही तसेच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग जंगलात आणि सातभाईंचा थवा परसात पाने उलथूनच किडे शोधतो, तेव्हा पाचोळा जाळू नये. झाडाच्या आळ्यात पसरावा.

पाण्याचे भांडे खोल नसावे. दोन बोटे पाणी राहील असे मातीचे पसरट ताट, त्यात एखादा दगड, एवढे पुरते. मात्र ते रोज काथ्याने घासावे, कारण हिरव्या बुळबुळीत पाण्यातून रोग पसरतात.

जमिनीवर उतरलेले, पिसे फुटलेले पिल्लू बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. मांजराची भीती असल्यास उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिलाला टाकत नाहीत. जखमी असेल तर वनविभागाला कळवावे, पिंजऱ्यात पाळू नये. पोपटासह आपले बहुतेक रानपक्षी पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.