१२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर ०.८ अँपिअर लोडवर भाजतो? हे करून पाहा

लक्षण: ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड), २२०० मायक्रोफॅरड कपॅसिटर, पुढे ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर). अर्ध्या तासात ट्रान्सफॉर्मरला हात लावता येईना, वार्निशचा वास येऊ लागला. वैताग आला होता.

७८१२ चा हीटसिंक मोठा केला, काही फरक नाही. कपॅसिटर ४७०० केला, उष्णता तसूभरही उतरली नाही.

शेवटी जे लागू पडलं ते असं. आधी सेकंडरी (१२ व्होल्टची बाजू) सोडवून नुसता प्रायमरीला (घरच्या विजेची बाजू) तासभर मेन्स दिला. कोमटच राहिला, म्हणजे वाइंडिंग शॉर्ट नाही. मग लोडवर तापवला, प्लग काढला आणि लगेच प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजला: थंड असताना (खोली ३० अंश) २४० ओहम, आता ३००. तांब्याची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो; त्या हिशेबाने ही वाढ सुमारे ६६ अंशांची, म्हणजे आतलं सरासरी तापमान ९६ च्या आसपास! त्यानंतर ट्रू आरएमएस मीटर (वेड्यावाकड्या लाटेचाही एसी करंट बरोबर मोजणारा) सेकंडरीच्या तारेत, ब्रिजच्या आधी, सिरीजमध्ये लावला: १.४ अँपिअर.

कपॅसिटर फक्त लाटेच्या माथ्यावर झटक्याने चार्ज होतो, म्हणून एसी करंट डीसीच्या दीडपट ते पावणेदोनपट भरतो. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा एसीचा असतो; १ अँपिअरच्या नगातून डीसी ०.६ च्या वर घेऊ नये.

१२ व्होल्ट २ अँपिअरचा बसवला. आता दिवसभर चालवूनही हात ठेवता येतो.