पश्चात्ताप पुढे न ढकलता आजच सुरू कसा करावा

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत सुधारणेच्या तारखा ठरलेल्या असतात: 31 डिसेंबरची रात्रीची उपासना, लेंटचे (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे) 40 दिवस, नाहीतर चर्चमधलं पुढचं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी). तोवर पाप चालूच राहतं आणि मनाची टोचणी बोथट होत जाते. इब्री 3:13 मध्ये ‘आज’ या शब्दावर भर आहे तो यासाठीच. बेडकांनी घर भरलं असतानाही, ते जावेत म्हणून प्रार्थना केव्हा करू असं मोशेनं विचारल्यावर मिसरचा राजा फारो ‘उद्या’ म्हणाला (निर्गम 8:10). आणखी एक रात्र त्यानं स्वतःच मागून घेतली!

एकच पाप घ्या आणि नेमकं लिहा. ‘स्वभाव सुधारायचा आहे’ असं नको. ‘सियागंजातल्या दुकानात मी वजनात मारतो’, ‘भावाच्या वाट्याचं भाडं मी ठेवून घेतो’ असं हवं. वाक्यात ‘पण’ आला, तर त्यापुढचं खोडा. तिथं बहुधा दुसऱ्याचा दोष लिहिलेला असतो.

स्तोत्र 51 मोठ्यानं वाचून देवापुढे कबुली द्या. मग पाळकांना किंवा मंडळीतल्या एका पोक्त माणसाला सांगा (याकोब 5:16). भेटीची वेळ आजच फोन करून ठरवा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते भरपाईपाशी. लेवीय 6:5 नुसार मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा: 5,000 घेतले असतील तर 6,000. लूक 19 मधल्या जकातदार जक्कयानं चौपट देऊ केले. आपल्याला निदान पाचव्या हिश्शाचं माप धरता येईल. पैसे नसतील तर पहिला हप्ता आज, उरलेल्यांच्या तारखा लिहून. ‘आधी नीट प्रार्थना करतो’ ही सबब चालत नाही. मत्तय 5:24 मध्ये अर्पण तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. माफी मागताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ म्हणू नका. समोरचा माफ करीलच असं नाही, तरी देणं द्यावंच लागतं.

पापाची वाटही बंद करा: तो नंबर, ते ॲप, तो संध्याकाळचा अड्डा. ‘शुद्धता दे, पण इतक्यात नको’ अशी प्रार्थना तरुणपणी करणाऱ्या, पुढे बिशप झालेल्या संत ऑगस्टीनची चालढकल 386 साली मिलानमध्ये संपली, ती रोम 13:13-14 वाचून. देहवासनांची तरतूद करू नका, असं तिथं सांगितलं आहे.

पुन्हा घसरलात तर रविवारची वाट पाहू नका, त्याच तासाला कबुली द्या. मात्र रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती स्वतःच्या मनानं एकदम तोडू नये. थरथर सुटते, आकडी येऊ शकते. त्यानं आजच इंदूरचं सरकारी एमवाय रुग्णालय किंवा जवळचा डॉक्टर गाठावा, सोबत घरचं कुणीतरी घेऊन.