गाडीचा अलार्म उगाच वाजतोय? आधी बॉनेट बघा

रात्री दोन वाजता पार्किंगमधे गाडी बोंबलायला लागली की अख्खी सोसायटी जागी होते, म्हातारी माणसं, तान्ही बाळं सगळ्यांचेच हाल, म्हणून हे टाळू नका, लगेच बघा. बऱ्याचदा दोष बॉनेटच्या स्विचचा असतो. लॉकजवळ किंवा लॉकमधेच तो बारीक स्विच असतो, त्यात धूळ, चिखल, पावसाळ्यात ओल जाऊन गंज धरतो आणि मग बॉनेट बंद असलं तरी गाडीला वाटतं कोणीतरी उघडलंय. काँटॅक्ट क्लीनरचा (स्विच, वायरींचे जोड साफ करायचा) स्प्रे मारा, बोटाने पाचसहा वेळा दाबून सोडा, स्प्रिंगसारखा टुणकन वर आला पाहिजे, अडकत असेल तर सरळ बदला, त्यात जीव घालवू नका.

तो ठीक असेल तर बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा, साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून टेस्ट करून घ्या, कारण व्होल्टेज पडलं की पण काही अलार्म वाजतात.

बाहेरून बसवलेला अलार्म असेल आणि ट्रक गेला किंवा फटाका फुटला की वाजत असेल तर शॉक सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा भाग, जास्त सेन्सिटिव्ह आहे. डॅशबोर्डखाली त्याची छोटी डबी असते, बऱ्याच डब्यांवर सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तो कमीच्या बाजूला थोडाच फिरवा, गाडी लॉक करा, टायरला हलकी लाथ मारून बघा. कंपनीच्या अलार्मची वायर मात्र स्वतः कापू नका, वॉरंटीची भानगड होते.