अपुरा पत्ता: या चुका टाळा

गावात पोस्टच नाही, तरी पत्त्यावर ठोकून द्यायचं ‘मु.पो.’! सॉर्टिंगला असताना हे रोज पाहिलं. पोस्ट शेजारच्या गावात असेल तर मु. वेगळं लिहा, पो. वेगळं लिहा. ज्याला पत्र पाठवताय त्याला एक फोन करून विचारलं तर बिघडतं काय?

दुसरी चूक नुसत्या गावनावाची, आणि ती महागात पडते. पुणे जिल्ह्यात मावळात तळेगाव दाभाडे, शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे. एका संस्थेने मुलाखतीचं पत्र धाडलं, ‘मु.पो. तळेगाव, जि. पुणे’. तालुका नाही, पिन नाही. दाभाडे मोठं, रेल्वे स्टेशनचं गाव, म्हणून पत्र तिकडच्या थैलीत पडलं. तिथल्या पोस्टमनने त्या आडनावाची सगळी घरं पालथी घातली, शेवटी शेरा मारून परत पाठवलं. मग कुणालातरी ढमढेरे आठवलं. पत्र पोचलं तोवर मुलाखती आटोपल्या होत्या. मुलाचे वडील आमच्या काउंटरवर येऊन ओरडून गेले. खरं कुणावर ओरडायचं, ते पाकिटावरच दिसत होतं.

दाभाडेचा पिन ४१० ने सुरू होतो, ढमढेरेचा ४१२ ने. पहिले तीन अंक सॉर्टिंगचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट. सारख्या नावांच्या गावांचा हाच घोळ निस्तरायला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिन आखला, १५ ऑगस्ट १९७२ ला तो लागू झाला. आणि आजची घाईवाली मंडळी? पुणे म्हटलं की ४११००१ लिहून मोकळी! अहो, तो हेड पोस्टाचा. माझं मत विचाराल तर अंदाजाने लिहिलेल्या पिनपेक्षा कोरे चौकोन परवडले, निदान सॉर्टर पत्ता तरी वाचतो.

बुद्रुक की खुर्द, ते गाळू नका.

‘मारुती मंदिरामागे’ लिहिताना कुठला मारुती तेही लिहा.

सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्या नावाने पत्र टाकू नका. पोस्टमन घर सासऱ्यांच्या नावाने ओळखतो.

मोबाइल नंबर जरूर लिहा, पण साध्या टपालाला कुणी फोन करत बसत नाही.

मी पाकीट चिकटवण्याआधीच मागे स्वतःचा पत्ता लिहितो. तो नसेल तर न वाटलेलं पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं आणि आत कुणाचा पत्ता सापडतो का ते बघायला उघडलं जातं. आत सापडतं काय, तर वर ‘ती. बाबांस सा. न.’ आणि खाली ‘तुमचा बाळू’.