आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीची घासलेली चॅसी कशी दुरुस्त करावी, कशी जपावी

गाडी उलटी करून पाहिली की नजर आधी ओरखड्यांवर जाते. पण ओरखड्यांनी गाडीचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते स्क्रूंच्या डोक्यांमुळे. तळाचे स्क्रू चॅसीच्या (गाडीच्या तळाच्या सांगाड्याच्या) पातळीला बसवलेले असतात. चॅसी थोडी झिजली की डोकी रस्त्याला घासतात, षटकोनी खाच उथळ होते आणि एखादा गिअर बदलायची वेळ आली की अ‍ॅलन की (षटकोनी चावी) नुसती गरगर फिरते. म्हणून काम स्क्रूंपासूनच सुरू करा.

बॅटरी काढून बाजूला ठेवा. कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तळ पुसून घ्या. मग प्रत्येक खाचेतली माती टाचणीने कोरून काढा. माती राहिली तर चावी पूर्ण आत बसत नाही. एम3 मापाच्या (3 मिमी जाडीच्या) बसक्या डोक्याच्या स्क्रूला 2 मिमीची की लागते, आणि तिचं टोक झिजलेलं असेल तर आधी कीच बदला. खाच गेलीच असेल तर छोट्या कटिंग चकतीने डोक्यावर आडवी चीर पाडून साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. अशा वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. घासलेला स्क्रू पुन्हा वापरू नका, नवा घाला.

आता चॅसी. तिचा माल कोणता, यावर दुरुस्ती ठरते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

एबीएस प्लास्टिकचा तडा फेविक्विकने धरतो. नायलॉनचा धरत नाही. ट्रॅक्सास स्लॅश या आरसी गाडीची चॅसी नायलॉनच्या मिश्रणाची आहे. तिच्यावर कितीही गोंद ओता, पहिल्या उडीत जोड सुटतो. तिथे तड्याच्या टोकाला 2 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने दीड मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा आणि एम3 बोल्ट व नायलॉक नटांनी (आत नायलॉनचं कडं असलेल्या, सैल न होणाऱ्या नटांनी) आवळा. दिसायला ओबडधोबड, पण टिकते. भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे ते पाहायला आतली बाजू न्याहाळा. पुष्कळदा तिथे एबीएस किंवा पीए अशी अक्षरं उमटवलेली असतात. पीए म्हणजे नायलॉन.

अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसीवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहा. फट दिसली तर चॅसी वाकली आहे. ठोकून ती सरळ दिसेलही, पण तीच जागा पुन्हा वाकते, तेव्हा नवी घेणं बरं. कडांना आलेली धारदार कोर कानशीने काढून टाका. कार्बन फायबरची कड पिंजली असेल तर पॉलिश पेपर ओला करून घासा, मास्क लावा (ती भुकटी फुप्फुसात जाऊ देऊ नये), आणि सुकल्यावर कडेला पातळ सुपरग्लूचा हात फिरवा.

जुळवताना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूंना लावा. एबीएससारखं प्लास्टिक त्याने तडकू शकतं. प्लास्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवा. हलकी टिचकी जाणवली की जुने आटे सापडले, मग सुलटा आवळा.

बचावासाठी गाड्यांना स्टिकर लावणाऱ्या दुकानातून पारदर्शक, जाड विनाइल फिल्मचे उरलेले तुकडे मागून आणा, स्वस्तात मिळतात. चॅसी उलटी ठेवून कागदावर तिचा आकार काढा, फिल्म कापा, पुढच्या टोकापासून लावत मागे या आणि हेअर ड्रायरच्या उबेने कडा दाबा. सगळी भोकं कापत बसू नका. वारंवार उघडावे लागणारे स्क्रू तेवढे मोकळे ठेवा, बाकीचे झाकलेलेच बरे. पुढच्या टोकाला सर्वांत जास्त घासतं, तिथे दोन थर द्या. सोसायटीच्या काँक्रीटवर गाडी पळवत असाल तर शॉकच्या (चाकांचे धक्के शोषणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगखाली जाड स्पेसर (कडी) घालून ती थोडी उंच करा, निम्मं घासणं तिथेच वाचतं. फिल्मची कड उचलली की ती लगेच बदला, कारण आत शिरलेली रेती चॅसी आतून घासत राहते.