टंग ड्रम बनवताना फळीला हलायला जागा कशी ठेवावी

नाशिकच्या जुन्या घरात आषाढात दार चौकटीत अडकतं आणि चैत्रात त्याच्याच फळ्यांमधून उजेड दिसतो. टंग ड्रम म्हणजे लाकडी खोक्याचं वाद्य; त्याच्या वरच्या फळीत चिरा पाडून जिभा केलेल्या असतात आणि त्यांवर आघात केला की स्वर निघतो. ही वरची फळीही त्या दारासारखंच करते. माझा पहिला ड्रम मी गणपतीच्या दिवसांत जुळवला आणि सागाची फळी चारही कडांनी खोक्याला चिकटवून टाकली. एप्रिलमध्ये ती आकसू लागली, पण कडा सोडेनात. शेवटी एका जिभेच्या मुळापासून तडा गेला.

लाकूड त्याच्या तंतूंच्या, म्हणजे रेषेच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, आडवं बदलतं. 200 मिमी रुंद सागाच्या फळीतला ओलावा 6 टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे 2.3 मिमी फुगते. पण फळीच्या टोकाला झाडाच्या वाढीची वलयं उभी दिसत असतील, तर तीच फळी जेमतेम 1 मिमी हलते. म्हणून वखारीत आधी फळीचं टोक बघा. उभ्या वलयांची फळी थोडी महाग पडली तरी घ्या.

ती घरी, ज्या खोलीत ड्रम राहणार तिथेच, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. वजन बदलायचं थांबलं की कापायला घ्या. माझ्या मते दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. तेव्हा लाकूड ना फुगलेलं असतं, ना पार सुकलेलं.

जिभा रेषेच्या दिशेनेच आखा. प्रत्येक चिरेच्या टोकाला 4-5 मिमीचं भोक पाडा, म्हणजे ताण एका कोपऱ्यात साचत नाही. चीर 2 मिमीच्या आसपास ठेवा. 40 मिमीची जीभ पावसाळ्यात अर्धा मिमीपर्यंत रुंदावू शकते. चीर फार बारीक असेल तर जिभा एकमेकींना घासतात आणि स्वर खरखरतो.

आता जोडणी, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. वरची फळी चिकटवू नका. दोन्ही टोकांना, रुंदीच्या बरोबर मध्यावर एकेक स्क्रू पक्का बसवा. बाकीच्या स्क्रूंसाठी फळीत रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडा, वॉशर घाला आणि बेताने आवळा. लांब बाजूंना फळी 3 मिमी बाहेर राहू द्या. तळाला प्लायवूड वापरलं तर ते खुशाल चिकटवा, ते फारसं हलत नाही.

जुळवण्यापूर्वी फळीच्या वरून, खालून आणि चिरांच्या आतही लाखेच्या पॉलिशचे सारखेच हात द्या. खालची बाजू कोरी राहिली तर ती जास्त ओलावा ओढते आणि फळीला बाक येतो. पॉलिशने ओलावा थांबत नाही, फक्त त्याचा वेग कमी होतो.

स्वर लावताना जीभ आधी आखूड ठेवा आणि चीर थोडी थोडी वाढवत स्वर खाली आणा. पावसाळ्यात लाकूड जड आणि मऊ होऊन स्वर किंचित उतरतो. तेव्हा लगेच कानस हातात घेऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा.